सायकलने चिखलदरा, ऑक्टोबर महिना, चौघं मित्र: पावसाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघं मित्र, सगळे नागपूरचेच, ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांत सायकलने चिखलदऱ्याला जायचंय, पहिल्याच दिवशी अमरावती गाठायची असा प्लॅन आहे. आतापर्यंतची सगळ्यात मोठी राइड म्हणजे रामटेक जाऊन-येऊन. दोघांकडे गिअरची हायब्रिड, एकाकडे रोडबाइक आणि चौथ्याकडे भाच्याची एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक. हवामान खातं एक दिवस येलो अलर्ट देतं, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, परत तिसऱ्या दिवशी येलो, आणि घरचे म्हणून राहिलेत की कॅन्सल करा. तर जायचं की नाही, आणि गेलो तर सोबत काय काय न्यायचं?

जा. मी या रस्त्याने अकरा वेळा निघालोय, त्यातल्या दोन वेळा अमरावती रस्त्यावरच्या तळेगावहून परत फिरलो आणि एकदा अमरावतीहून सायकली टेम्पोत टाकून आणल्या, म्हणजे धड पोचलो आठच वेळा. तरी म्हणतो जा. फक्त तुम्ही प्रश्न उलटीकडून धरलाय असं मला वाटतं. काय न्यायचं हे सगळ्यात शेवटी येतं, ते दुकानात जाऊन दोन तासांत होतं. निघायच्या आधी चौघांनी एका ठिकाणी चहा घेत बसून थांबायचं कुठं, कधी, आणि कोणी म्हटल्यावर, हे ठरवलं का? ते ठरलं नसेल तर दहा हजारांचं जॅकेट घेतलं तरी राइडचा विचका होणार. आभाळ काय करेल ते तुमच्या हातात नाही, पण आभाळ भरून आल्यावर रस्त्यात उभं राहून चौघांनी चार मतं मांडायची का, ते तुमच्या हातात आहे.

आधी हवेचं सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

ऑक्टोबरचा पाऊस आणि जुलैचा पाऊस यांची जातच वेगळी. जुलैमध्ये उपसागराकडून कमी दाबाचा पट्टा येतो आणि दोन-दोन दिवस झड लागते. कंटाळवाणं असतं पण निदान माहीत असतं की भिजायचंच आहे. ऑक्टोबरात मान्सून परतीला लागलेला असतो, चार महिने पाणी प्यालेली जमीन, त्यावर कडक ऊन, मग सकाळी निळंशार आभाळ, अकराच्या सुमारास छोटे छोटे पांढरे ढग, बारा-एकपर्यंत ते फुलकोबीच्या गड्ड्यासारखे वर फुगत जातात आणि दोन ते सहाच्या मध्ये कुठंतरी फुटतात. कुठंतरी म्हणजे खरंच कुठंतरी. कोंढाळीला धो-धो आणि सात किलोमीटर पुढं रस्ता कोरडा ठणठणीत, असं मी स्वतः पाहिलंय, अर्ध्या रस्त्यावर पाणी आणि अर्ध्यावर धूळ. म्हणून हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं तेव्हा आपण हसतो की यांना काही माहीत नसतं, पण त्या शब्दाला माप आहे बरं का. तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याच्या केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी म्हणजे पाऊण हिश्श्यापर्यंत, त्याच्यावर गेलं की बहुतेक ठिकाणी. आणि येलो म्हणजे घरी बसा असा अर्थ नाही, लक्ष ठेवा असा आहे. ऑरेंज म्हणजे तयार राहा. माझा हिशोब साधा आहे: येलोमध्ये निघतो, ऑरेंजमध्ये निघत नाही, आणि रस्त्यात असताना ऑरेंज आला तर जिथं असेन तिथं त्या दिवसाची राइड संपली. कोणाला हे भित्रेपणाचं वाटत असेल तर वाटू द्या.

चार-पाच दिवस आधीचा अंदाज बघून फार डोकं लावू नका, त्यावरून एवढंच कळतं की आठवडा ओला आहे की सुका. कामाचं असतं ते त्याच दिवशीचं. नागपूरला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यांचा तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो, तो बघायचा, आणि नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र बघायला शिका, अवघड नाही, लाल-पिवळे ठिपके म्हणजे पावसाचे ढग, ते कुठून कुठं सरकतायत एवढंच बघायचं. दुसरं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये टाकून घ्या. तुमच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या घेऱ्यात वीज पडून राहिली असेल तर ते सांगतं. सायकलवाल्याला ही आसरा शोधायची सूचना झाली, याहून जास्त काय पायजे.

आणि कोणी म्हणेल की शहरात राहणाऱ्याला एवढं काय घाबरायचं, तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. रात्री झोपताना कोणाच्या डोक्यातही नव्हतं, पहाटेपर्यंत काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडली आणि लोकांच्या घरात, गाड्यांत पाणी. सप्टेंबरच्या शेवटी, पावसाळा संपत आला असं सगळे म्हणत असताना.

आता यावरून प्लॅन कसा निघतो ते बघा. ढग दुपारी दोननंतर फुटतात ना, मग एक वाजता तुम्ही पक्क्या छताखाली पायजे. म्हणजे पहाटे पाचच्या आत निघणं आलं. तुमचा वेग, थांबे धरून, तासाला पंधराच्या आसपास राहील, रामटेकचा अनुभव आहे म्हणता म्हणून पंधरा धरतो. पाच ते एक, आठ तास, झाले एकशेवीस, त्यातून पंक्चर आणि 'जरा फोटो काढू दे ना' चे वजा करा, उरले शंभर. नागपूर ते अमरावती दीडशेच्या वर आहे. पहिल्याच दिवशी अमरावती गाठायचा तुमचा प्लॅन तिथंच बाद होतो, कारण शेवटचे पन्नास किलोमीटर तुम्ही दमलेल्या पायांनी अगदी ढग फुटायच्या वेळी मारणार. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणारे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत करतात हे खरं आहे, तीच त्यांची मुदत असते, पण ते त्यासाठी महिनोन् महिने तयारी करतात आणि एकेकटे आपापल्या हिशोबाने चालवतात. आपल्या नागपूरच्याच डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका', एकट्याने पूर्ण केली, जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. अभिमान वाटलाच पायजे, पण त्यावरून आपला दिवसाचा आकडा ठरवायचा नसतो.

तर तीन दिवसांचे चार करा. पहिला दिवस नागपूर ते तळेगाव, शंभरेक किलोमीटर. नागपूरच्या कडेची वाडी ओलांडेपर्यंत ट्रकांची गर्दी, तिथं एका ओळीत चाला, गप्पा बंद. पुढं बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, आणि या पट्ट्यात रस्ता सतत वरखाली होत राहतो. नकाशावर सपाट दिसतं, मांड्यांना कळतं की सपाट नाही. दुसरा दिवस तळेगावहून वर्धा नदी ओलांडून तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ, अमरावती आणि जमलं तर तसंच पुढं वलगाव, आसेगाव करत परतवाडा. हेही शंभरच्या आसपास होतं, पण हे उताराचं आणि सपाटीचं आहे, आणि अमरावतीला नऊ-साडेनऊपर्यंत पोचलात तरच पुढं निघायचं, नाही तर गिला वडा खा आणि तिथंच मुक्काम करा. मोझरीला गुरुकुंजात दहा मिनिटं थांबा, तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी सायकल लावून शांत बसलं की पाय पण जरा हलके होतात. तिसरा दिवस फक्त घाट. चौथा दिवस राखीव. राखीव म्हणजे खरंच राखीव, त्या दिवशीचं ऑफिस, साखरपुडा, डेंटिस्ट काही ठेवायचं नाही. पावसाळी हवेत ज्याच्याकडे एक जास्तीचा दिवस नाही तोच माणूस नको तिथं धाडस करतो, हे मी किती जणांचं बघितलंय.

वाऱ्याचं एक चांगलं आहे. जून ते ऑगस्ट या रस्त्याने पश्चिमेकडे जाणं म्हणजे समोरून वारा खात जाणं, चढ नसताना चढ. ऑक्टोबरात वारा पूर्वेकडे वळायला लागतो, म्हणजे मागून. त्यामुळे महिना तुम्ही बरोबर निवडलाय, नकळत का होईना. फक्त दसऱ्याचे दोन-तीन दिवस टाळा. दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, सगळ्या बाजूंनी गाड्या नागपूरकडे येत असतात, आणि नवरात्रात अमरावतीला अंबादेवीकडे जाणारी गर्दी रस्त्यात लागते. गर्दीची अडचण नाही, पण अशा वेळी लॉज मिळत नाहीत, आणि लॉज नाही म्हणजे तुमचं एक वाजताचं छत गेलं.

आता मित्रांचं. यावर जास्त लिहिणार आहे कारण इथंच सगळे फसतात.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आम्ही पाच जण सप्टेंबरअखेरीला निघालो. कारंजाला सव्वाअकराला पोचलो, पोहे-तर्री झाली, आलूबोंडे झाले, दक्षिणेला ढग वर चढून राहिला होता. मी म्हटलं इथंच थांबू. आमचा बँकवाला म्हणाला, "काऊन बे, तो ढग तिकडं चाललाय ना, वीस किलोमीटर तर आहे तळेगाव." डॉक्टर काहीच बोलला नाही. बाकी दोघं हेल्मेट घालून उभे. आणि मी, जो सगळ्यांत जास्त वेळा हा रस्ता केलेला, मी पण पाय टाकला पेडलवर, कारण कोणीच थांबत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटांनी एकदम गार वारा सुटला, धूळ उडाली. हे लक्षात ठेवा: उकडत असताना अचानक गार झुळूक आली की ती ढगाच्या पोटातून खाली आदळलेली हवा असते, तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत, कधी पाचच. तेव्हा बँकवाला आणि डॉक्टर पुढं होते, आम्ही तिघं मागं. मग जो पाऊस आला त्यात समोरचा ट्रकचा लाल दिवा दिसेना. आम्ही तसेच डोकं खाली घालून चालवत राहिलो आणि तळेगावला एसटी स्टँडवर जाऊन बसलो, म्हटलं ते दोघं पुढं असतील, इथंच कुठं चहा पीत असतील. नव्हते. ते रस्त्याच्या खालच्या अंगाला एका शेतावरच्या खोलीत शिरले होते आणि आम्ही त्यांच्या समोरून पुढं निघून गेलो, त्यांना आम्ही दिसलो नाही, आम्हाला ते. दोन तास आम्ही त्यांची वाट बघत बसलो आणि दोन तास ते आमची. फोन? माझा ओला झाला होता, बोट लावलं तर स्क्रीन नाचत होती. डॉक्टरचा बंद पडला. चालू होता त्या एका फोनमध्ये त्या दोघांपैकी कोणाचाच नंबर सेव्ह नव्हता. कोणाला खरचटलंही नाही, पण त्या दोन तासांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. संध्याकाळी भेटलो तेव्हा बँकवाला आणि मी अर्धा तास भांडलो, आणि मग जे नियम केले ते आजपर्यंत पाळतो.

पहिला नियम, पुढचा आसरा निघतानाच नावानिशी ठरतो. 'पुढं कुठंतरी थांबू' हे वाक्य आमच्यात चालत नाही. कोंढाळी बसस्टँड, कारंजाचा अमुक पंप, तळेगावचा तमुक ढाबा, असं. वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर अंतर नको. मध्ये पाऊस आला तर जवळ जे असेल त्यात शिरा, पण सायकल रस्त्यावरून दिसेल अशी उभी करा आणि मागचा दिवा चालू ठेवा, म्हणजे येणाऱ्याला कळतं. दुसरा, पुढचा माणूस प्रत्येक ठरलेल्या जागी थांबतो आणि सगळे येईपर्यंत हलत नाही. शेवटचा माणूस ठरलेला असतो, तो कोणालाही मागं टाकत नाही, आणि पंक्चर किट, पंप त्याच्याकडे. तिसरा, पाऊस सुरू झाला की सगळ्यात हळू चालवणारा पुढं येतो. तुमच्यात तो एमटीबीवाला असणार. त्याच्या वेगाने सगळे. आणि एकमेकांच्या चाकाला चिकटून चालवणं बंद, दोन-तीन सायकलींएवढं अंतर, कारण ओल्यात ब्रेक उशिरा लागतो आणि पुढच्याच्या चाकाचं पाणी थेट डोळ्यात.

चौथा नियम सगळ्यात अवघड. कोणीही एकाने 'थांबू' म्हटलं की सगळे थांबतात, कारण विचारायचं नाही आणि नंतर चिडवायचं पण नाही. नागपुरी मित्रमंडळात न चिडवणं म्हणजे काय तपश्चर्या आहे ते तुम्हाला माहीतच आहे. पण 'घाबरला बे' हे एकदा जरी निघालं ना, की पुढच्या वेळी तो माणूस गप्प राहतो, डॉक्टर राहिला तसा. नंतर त्याने सांगितलं की त्याला पण थांबायचं होतं. म्हणजे पाचातल्या दोघांना थांबायचं होतं आणि तरी पाचही निघालो.

विजेचं वेगळं लिहितो. पावसाने भिजतो, विजेने मरतो. आपल्याकडे दरवर्षी शेतात काम करणारी माणसं झाडाखाली आसऱ्याला गेली आणि गेली, अशा बातम्या येतात. झाडाखाली नाही म्हणजे नाही, कितीही मोठं कडुलिंबाचं झाड असो. रस्त्याकडेचा तीन बाजूंनी उघडा बसथांबा पावसापासून वाचवतो, विजेपासून नाही. पक्की खोली, नाही तर बंद काचांची कार, एसटी बस, ट्रकची केबिन. हात करा, ट्रकवाले घेतात, मला दोनदा घेतलंय, एकाने तर वर चहा पाजला. चमकल्यापासून कडाडेपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, सायकल सोडा आणि आत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, पाऊस थांबला तरी. हा अर्धा तास सगळ्यांना जड जातो. आणि अगदी उघड्यावर सापडलातच तर सायकलपासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवं बसा, चौघं एकत्र नाही, एकमेकांपासून पंधरा-वीस पावलं लांब. हे सुरक्षित आहे असं नाही, त्यातल्या त्यात बरं एवढंच.

दुसरी जीवघेणी गोष्ट म्हणजे रपटा, नाल्यावरचा ठेंगणा पूल. हायवेवर पूल आहेत, पण परतवाड्याच्या पुढं आणि आतल्या रस्त्यांवर नाल्यांवर सखल रपटे लागतात. तुमच्या डोक्यावर ऊन असेल तरी वर सातपुड्यात पाऊस झालेला असू शकतो आणि नाला अर्ध्या तासात चढतो. रपट्यावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर बसायचं बाजूला. गावातला एखादा मोटरसायकलवाला निघून जातो, त्याचं बघून जायचं नाही. सायकल हलकी असते, घोट्याच्या वर जोरात वाहतं पाणी आलं की चाक आडवं ओढलं जातं. नाले चढतात तसे उतरतात पण. बिस्किटाचा पुडा फोडा आणि बसा.

आता सामान. पोंचो नको, वाऱ्यात शीड होतं आणि चाकात जातं. अंगाबरोबरचं साधं विंडचीटर पायजे, भडक रंगाचं. तुम्ही भिजणार, आतून घामाने नाही तर बाहेरून पावसाने. कोरडं राहण्याच्या मागं लागू नका, गार पडू नका एवढंच बघा. कपडे बॅगेत ठेवताना प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पन्नीत बांधा, 'वॉटरप्रूफ' लिहिलेल्या बॅगेवर माझा विश्वास नाही. मोज्यांचे तीन जोड, जांघेला आणि बसायच्या जागी लावायला व्हॅसलीन, ओल्या चड्डीत शंभर किलोमीटर म्हणजे काय हे दुसऱ्या दिवशी कळतं. रात्री बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला, सकाळी बूट घालण्यासारखे होतात. लॉजवाल्याकडे जुने पेपर असतातच. फोन झिपवाल्या पिशवीत, आणि चौघांचे नि घरचे नंबर एका कागदावर लिहून तो कागद पण पन्नीत, प्रत्येकाकडे. मागचे लाल दिवे दोन-दोन.

सायकलीचं म्हणाल तर ब्रेक पॅड नवे टाका आणि एक जोड सोबत ठेवा. रिमवर लागणारे ब्रेक असतील तर पावसात रिमवरची रेती-माती पॅडला सँडपेपरसारखी घासते, घाटात एका उतारात अर्धं पॅड गेलेलं पाहिलंय. आणि ओल्या रिमवर ब्रेक दाबला की आधी एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसलं जातं, मग तो धरतो, म्हणून आधीपासून हलका हलका दाबत राहायचा. टायरमध्ये नेहमीपेक्षा जराशी हवा कमी. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, रुळ ओल्यात साबणासारखे होतात, सरळ काटकोनात ओलांडा, तिथं ब्रेक नाही नि वळण नाही. पंक्चर पावसात जास्त होतात, काचा नि बाभळीचे काटे पाण्यासोबत कडेला येऊन साचतात आणि ओलं रबर पटकन चिरतं. दोन-दोन ट्यूब प्रत्येकाकडे ठेवा, चौघांच्या चाकांचे साइज वेगवेगळे आहेत हे विसरू नका, रोडबाइकची ट्यूब एमटीबीला काही कामाची नाही. चेन रोज संध्याकाळी पुसून तेल.

आणि काळी माती! डांबरावरून खाली उतरून 'जरा बाजूला घेऊ' म्हणून ओल्या काळ्या मातीत सायकल घातली की दहा पावलांत टायर आणि फोर्कच्या मध्ये असा गारा भरतो की चाक फिरतच नाही. उचलून आणावी लागते, आणि तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. मी एक जुना स्टीलचा चमचा सोबत ठेवतो, माती खरवडायला. बायकोला वाटतं दही खायला नेतो.

पाण्याचं सगळे विसरतात. ढगाळ, दमट हवेत तहान लागत नाही पण घाम उन्हाळ्याएवढाच जातो, फक्त वाळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट, आणि दिवसाला एक-दोन लिटर ओआरएसचं पाणी, पाकीट एक लिटरमध्येच पूर्ण घालायचं, बाटली छोटी आहे म्हणून अर्ध्या लिटरमध्ये नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर नि अर्धा छोटा चमचा मीठ. खायला केळी, चिक्की, गूळ-फुटाणे.

घाट. परतवाड्याहून धामणगाव गढी, मोथा या बाजूने चिखलदरा तीसेक किलोमीटर आहे आणि चढाई सातशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे ना. हाच तुमच्या ट्रिपचा खरा दिवस. सकाळी सहाला निघा, सायकलीला असतील ते सगळ्यात हलके गिअर सुरुवातीपासून लावा, लाज वाटून घेऊ नका, ढकलत चाललात तरी चालतं. इथं एमटीबीवाला भाव खाऊन जाणार बघा, त्याच्याकडे गिअर हलके, टायर रुंद, ब्रेक चांगले. दोन दिवस ज्याच्यासाठी थांबलात तोच वर तुमची वाट बघेल. मोथ्याला गवळ्यांकडचा खवा, रबडी मिळाली तर खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. डोंगरात ढग सपाटीपेक्षा लवकर जमतात, धुकं उतरतं, आणि मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून घरी फोन परतवाड्यालाच करून ठेवा की आता तीन-चार तास फोन लागणार नाही. ऑक्टोबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, ढग असले तर साडेपाचलाच अंधार. मेळघाटात अंधारात सायकल चालवायची नाही, अस्वलं आहेत, आणि ती सायकलची घंटा ऐकत नाहीत.

उतरताना ओला घाट असेल तर उतरू नका, एवढंच सांगतो. चढताना माणूस घामाने भिजलेला, उतरताना वारा, दहा मिनिटांत बोटं अशी गारठतात की ब्रेक दाबला जात नाही. आमच्या एकाचं तसं झालं, वळणावर सरळ गेला, नशीब की बाजूला गवत आणि चर होता. वर मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी रस्ता वाळल्यावर उतरा, किंवा पिकअप ठरवून सायकली परतवाड्याला नाही तर अमरावतीला आणा. अमरावतीहून पुढं एसटी सायकली घेत असेल तर तिने नागपूर, कंडक्टरशी आधी बोलून, आणि बांधायच्या दोऱ्या आपल्याच न्या, त्यांच्याकडे नसतात. सायकलवर परत यायचा हट्ट पहिल्या वेळी तरी नको.

लॉजला निघायच्या आधी फोन करून विचारा की सायकली आत घेऊ देतात का. एका ठिकाणी रात्री साडेआठला आम्हाला सांगितलं की चिखलाच्या सायकली आत चालणार नाहीत, तेव्हा डॉक्टरने पाचही सायकली नळाखाली धुतल्या आणि मग मॅनेजरने किल्ली दिली.

आणि घरच्यांचं. 'काही होत नाही' म्हणून समजावू नका, ते कोणालाच पटत नाही. वर सांगितलेली आसऱ्यांची यादी वेळांसकट घरी देऊन जा: साडेआठला कोंढाळी, साडेदहाला कारंजा, एकला तळेगाव. तिन्ही ठिकाणांहून एक मेसेज. आणि एमटीबी भाच्याची आहे म्हणता, तर तिचे ब्रेक, चेन, टायर आजच दुकानात दाखवून घ्या, आदल्या रात्री नको. त्या साइजचे पॅड दर वेळी मिळतातच असं नाही, मागवायला चार दिवस लागतात.